जोडलेला संगणक, विकत घेतलेला संगणक

संगणक स्वतः बांधायचा की विकत घ्यायचा, हा प्रश्न आपल्या देशात पहिल्या संगणकाइतका जुना आहे. १९५५ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी इंग्लंडच्या ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीकडून एचईसी-२एम हे यंत्र विकत आणवलं. भारतात बसवलेला तो पहिला अंकीय संगणक. त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या हाताखाली काही तरुण अभियंते स्वतःच संगणक बांधायला बसले होते. त्यातल्या बहुतेकांनी तोवर संगणक वापरलेलाही नव्हता. आधी त्यांनी एक छोटं प्रायोगिक यंत्र करून पाहिलं, मग मोठं हाती घेतलं. व्हॉल्व्हवर चालणारा, ४० बिटांचे २०४८ शब्द फेराइटच्या कड्यांत साठवणारा तो संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफरॅक हे नाव दिलं.

पुढे जे झालं ते फार बोलकं आहे. टिफरॅक उभा राहीपर्यंत जग व्हॉल्व्ह सोडून ट्रान्झिस्टरकडे गेलं होतं. १९६४ मध्ये बांधणाऱ्या मुंबईने अमेरिकेचा सीडीसी ३६०० विकत घेतला. आणि विकत घेणाऱ्या कोलकात्याने जादवपूर विद्यापीठाच्या साथीने १९६६ मध्ये आयएसआयजेयू-१ हा स्वतःचा संगणक बांधला. दोघांनीही दोन्ही वाटा चालून पाहिल्या. ज्यांनी एकदा बांधला होता, त्यांना पुढचा विकत घेताना नेमकं काय विचारायचं ते ठाऊक होतं. या लेखात मला जे सांगायचंय, त्याचं बीज इथेच आहे.

माझा धंदा संगणक जोडून देण्याचा. साताऱ्यात मोती चौकाजवळ आमच्या अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नव्वदच्या दशकात मी त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात संगणक जोडायला सुरुवात केली. 'असेंबल्ड घेऊ की कंपनीचा?' हा प्रश्न घेऊन आलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की त्या प्रश्नाचा इतिहास लिहिणं मला माझं कामच वाटतं. जोडणाऱ्यांनी संगणक स्वस्त केला, असं सगळे म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धं. जोडणाऱ्यांनी संगणकाच्या आत काय आहे हे ज्ञान तालुक्याच्या गावापर्यंत नेलं. उरलेलं अर्धं ते आहे.

आमच्याकडे ही रीत संगणकाच्याही आधीची. अण्णा मर्फी, फिलिप्स, बुशचे सेट दुरुस्त करत आणि ज्यांना ते परवडत नसत त्यांना सुटे भाग आणून लाकडी खोक्यात रेडिओ जोडून देत. तेव्हाही गिऱ्हाईक विचारायचंच, 'कंपनीच्या सेटसारखा चालेल का?' अण्णांचं उत्तर ठरलेलं असे: 'चालेल. आणि बंद पडला तर मी इथंच आहे.' ट्रान्झिस्टर आले, १९७२ साली मुंबईत दूरदर्शन सुरू झालं, मग टेपरेकॉर्डर आणि अॅम्प्लिफायर आले. प्रत्येक वेळी कंपनीच्या मालाशेजारी जोडलेल्या मालाची एक ओळ उभी राहिली. संगणक त्याच ओळीत येऊन बसला.

अमेरिकेत तर घरगुती संगणकाची सुरुवातच सुट्या भागांनी झाली. जानेवारी १९७५च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्क गावच्या एमआयटीएस या छोट्या कंपनीने तो किट म्हणून विकायला काढला. इंटेलचा ८०८० प्रोसेसर, पुढे बटणांची आणि दिव्यांची रांग; बाकी सोल्डर तुमचं, हात तुमचे. त्याच मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये एका गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लब भरू लागला. त्या क्लबात आपलं यंत्र दाखवणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियॅकचा ॲपल-१ हा १९७६ मध्ये नुसता बोर्ड म्हणून विकला गेला. पेटी, कीबोर्ड, वीजपुरवठा ज्याचा त्याने पाहायचा. पण बाईट शॉप या दुकानाच्या मालकाने अट घातली, की भाग जोडलेला बोर्ड मिळाला तरच घेईन. दुकानदाराला माहीत होतं, सोल्डर मारायला तयार असणारी माणसं थोडी आणि संगणक हवा असणारी पुष्कळ. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, ॲपल-२, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तयार यंत्रं बाजारात आली आणि किटचा जमाना मागे पडला.

तो परत आणला आयबीएमने, आणि तेही मनात नसताना. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आलेला आयबीएम पीसी घाईने तयार झाला होता. म्हणून त्यात बाहेरचेच भाग वापरले होते: प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टचं, फ्लॉपी ड्राइव्ह टंडन कंपनीचे. तिचे मालक टंडन मूळचे भारतीय. पुढे त्यांनी अंधेरीच्या सीप्झमध्येही कारखाना काढला. आयबीएमने आपल्या यंत्राचे सर्किटचे नकाशे पुस्तकात छापून दिले, कार्ड बसवायला आत मोकळे स्लॉट ठेवले. आपला म्हणावा असा एकच भाग होता, बायोस नावाची चिपमधली आज्ञावली. कॉम्पॅकने ती न चोरता, नव्याने लिहून काढली आणि १९८३ मध्ये आयबीएमशी जुळणारा संगणक विकायला सुरुवात केली. वर्षभरात फिनिक्स कंपनी तशीच बायोस कुणालाही विकू लागली. त्यानंतर तैवानमधला कुठलाही कारखाना मदरबोर्ड काढू शकत होता आणि जगातला कुठलाही जाणकार माणूस संगणक जोडू शकत होता. १९८४ मध्ये टेक्सासमध्ये मायकेल डेल या विद्यार्थ्याने वसतिगृहाच्या खोलीत हेच काम सुरू केलं. आज ज्याला आपण ब्रँड म्हणतो, त्यातला एक मोठा ब्रँड असा जोडणाऱ्याच्याच हातून जन्मला आहे.

आपल्याकडची वाट वेगळ्या वळणाने गेली. आयबीएम आपली १४०१ यंत्रं इथल्या संस्थांना भाड्याने देत असे. यंत्र त्यांचं, दुरुस्ती त्यांची, आत काय आहे हे पाहण्याचा हक्कही त्यांचाच. परकीय चलन नियमन कायद्याने भागभांडवलातला परदेशी वाटा कमी करायला सांगितलं, तेव्हा ती कंपनी १९७८ मध्ये देश सोडून गेली. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली आणि पार पाडली. हैदराबादच्या ईसीआयएलपाठोपाठ डीसीएम, एचसीएल, विप्रो, मुंबईची झेनिथ अशा देशी कंपन्या उभ्या राहिल्या. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने सुट्या भागांच्या आयातीचं दार बरंच उघडलं. १९९१ नंतर ते आणखी उघडलं आणि १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञान करारावर सही केल्यावर या मालावरची आयात जकात टप्प्याटप्प्याने शून्याकडे गेली. कायद्यातल्या या प्रत्येक बदलाची नोंद एका रस्त्यावर होत होती.

तो रस्ता म्हणजे लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की तो लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं त्याला नाव होतं. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं. एके काळी हा रस्ता सिनेमाचा. ज्या मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षं चालला ते इथलंच, आणि चित्रपट वितरकांच्या कचेऱ्यांनी भरलेली नाझ इमारतही इथलीच. त्याच्या जोडीला रेडिओचे व्हॉल्व्ह, रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर विकणारी दुकानं. अण्णा माल आणायला इथेच येत. त्याच दुकानांच्या पुढच्या पिढीने काउंटरवर मदरबोर्ड मांडले. दिल्लीत नेहरू प्लेस, बेंगळुरूत एसपी रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट, पुण्यात तापकीर गल्ली असे बाजार होतेच. पण आमच्या पश्चिम महाराष्ट्राच्या मालाची गंगोत्री लॅमिंग्टन रोड.

रात्रीची एसटी पकडायची, पहाटे दादरला उतरायचं आणि लोकलने ग्रँट रोड गाठायचं. दुकानं उघडायला दहा-साडेदहा वाजत. मग एका हातात गिऱ्हाइकांची यादी घेऊन रेट काढत फिरायचं. रॅमचा सकाळचा रेट संध्याकाळी टिकेल याची खात्री नसे. प्रोसेसर घेताना 'बॉक्स' की 'ट्रे' हे विचारावं लागे: बॉक्सवर कंपनीची वॉरंटी आणि सोबत पंखा, ट्रेवाला स्वस्त पण जबाबदारी दुकानदाराच्या शब्दावर. काही मालावर 'टेस्टिंग वॉरंटी' असे, म्हणजे इथे लावून पाहा, चालला तर न्या, नंतर बोलू नका. पक्कं बिल, कच्चं बिल हा तिढा कायमचा. कच्छी, सिंधी, मारवाडी, गुजराती दुकानदार. बहुतेक जण मला 'बेन' म्हणत. साताऱ्याहून माल न्यायला बाई आली आहे याचं पहिल्या दिवसांत त्यांना नवल वाटे, पुढे ते मला उधारीही देऊ लागले. ज्यांच्याकडून डेड निघालेला पीस विनातक्रार बदलून मिळे, त्यांच्याचकडे पुन्हा जायचं. दोन रुपये कमी म्हणून दुसरीकडे जायचं नाही. या बाजाराचा खरा कायदा तोच होता.

जोडण्याचं काम तेव्हा आजच्याइतकं सोपं नव्हतं. जुन्या एटी पॉवर सप्लायचे पी-८ आणि पी-९ हे दोन कनेक्टर मदरबोर्डात शेजारी शेजारी बसत. काळ्या तारा मध्ये एकमेकींना लागून यायलाच हव्यात. उलटे लावले तर बोर्ड जळे. बसचा वेग आणि गुणक जंपरने ठरवायचा. हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह एकाच पाटा केबलवर असतील तर एकाला मास्टर आणि दुसऱ्याला स्लेव्ह करायचं. पेंटियमच्या बोर्डावर रॅमच्या ७२ पिनांच्या स्ट्रिपा जोडीनेच लावाव्या लागत. सगळं लावून बटण दाबलं आणि एकच छोटा बीप आला की जीव भांड्यात पडे. लांब बीप येत राहिले की रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स मांडणी आणली, तेव्हा पॉवरचा एकच कनेक्टर आला, तोही उलटा न बसणारा. आमच्या धंद्यातली कितीतरी जळीतं त्या एका सुधारणेने थांबली.

वीज हा वेगळा विषय. गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर मी आधी न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मीटरवर मोजत असे. जुन्या वाड्यांत अर्थिंग नावापुरतं असे आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत. वायरमन बोलावून अर्थिंग नीट होईपर्यंत मी संगणक चालू करत नसे. भारनियमनाच्या काळात यूपीएसशिवाय संगणक देणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. हे सगळं त्या सौद्यातच मोडत असे, त्याचे वेगळे पैसे नव्हते.

मराठीसाठी तर उघडता येणाऱ्या संगणकाचे उपकार मोठे आहेत. ऐंशीच्या दशकात डॉसला देवनागरी येत नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं आणि जिस्ट कार्ड आलं. संगणकाच्या मोकळ्या स्लॉटमध्ये हे कार्ड बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही पडद्यावर मराठी उमटे. आयबीएमने तो स्लॉट मोकळा ठेवला नसता, तर मराठीला आणखी वाट पाहत बसावं लागलं असतं. सहकारी संस्था, छापखाने, तालुक्याच्या साप्ताहिकांच्या कचेऱ्या यांनी आपापले संगणक मराठी केले ते अशा कार्डांवर आणि पुढे श्री-लिपी, आकृतीसारख्या फाँटवर. लग्नपत्रिका आणि अहवाल छापणाऱ्या माणसाला काय हवंय हे मला कळे, कारण तो समोर बसून सांगे: 'पडदा मोठा द्या, रॅम जास्त टाका, आवाज नसला तरी चालेल.' कंपनीच्या ठरीव मॉडेलमध्ये त्याला नको असलेला स्पीकर हमखास असे आणि हवी असलेली रॅम नसे.

पैशाचं गणितही सांगते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझ्या हातचा पेंटियम ४५ ते ५० हजारांत बसे. तसाच कंपनीचा ७० हजारांच्या पुढे जाई. प्राथमिक शिक्षकाच्या घरी हा फरक म्हणजे संगणक येणं किंवा न येणं. माझं कोटेशन सोनाराच्या बिलासारखं असे, सोन्याचं वजन वेगळं आणि घडणावळ वेगळी. मदरबोर्ड अमुक, हार्ड डिस्क तमुक, शेवटी जोडणावळ. गिऱ्हाइकाला प्रत्येक रुपया कुठे गेला ते दिसे. पतसंस्था, दूध संघ, टंकलेखनाचे क्लास आणि २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची गावोगावची केंद्रं, यांत असे जोडलेले संगणक रांगेने बसले. महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो अशाच केंद्रांत.

कंपनीच्या संगणकाची बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्याचे भाग एकमेकांशी जुळतात का हे आधी तपासलेलं असे. पॉवर सप्लाय दणकट असे; आमच्या बाजारात मात्र स्वस्त कॅबिनेटबरोबर येणाऱ्या सप्लायवर छापलेले वॉट क्वचितच खरे असत. बिल पक्कं, ऑपरेटिंग सिस्टिम परवान्याची. जोडलेल्या संगणकांत सर्रास विंडोजची चोरीची प्रत टाकली जाई, हा या धंद्यावरचा खरा डाग आहे. किंमत कमी दिसण्यामागे तोही एक हिशेब होता. 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत लिनक्सच्या सीडी येत. तो सरळ मार्ग होता, पण गिऱ्हाइकाला शेजाऱ्याकडे आहे तेच हवं असे. आणि ज्या गावात विश्वासाचा जोडणारा नव्हता, तिथे लोकांनी कंपनीचा संगणक घेतला ते शहाणपणाचंच केलं.

पण कसोटीच्या वेळी फरक कळे. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने एका दिवसात असंख्य संगणक मारले. तो हार्ड डिस्कच्या सुरुवातीची माहिती पुसत असे आणि काही मदरबोर्डांची बायोसही खोडून टाकत असे. असा संगणक चालूच होत नाही, दुकानात नवा बोर्ड घ्या म्हणतात. आम्ही त्याच जातीचा चांगला बोर्ड शोधायचो, त्यावर संगणक चालू करायचो, चालू असतानाच त्याची बायोस चिप हलकेच उपसून तिच्या जागी मेलेली चिप बसवायचो आणि तिच्यात नव्याने बायोस लिहायचो. हे धाडसाचं काम आहे, पण चिप सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसवलेली होती म्हणून ते शक्य झालं. शहरातल्या एका कंपनीच्या सेवा केंद्राने ज्यांना महिनाभर थांबायला सांगितलं, त्यांचे संगणक त्या आठवड्यात तालुक्याच्या दुकानांतून चालू होऊन गेले.

२००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटरची साथ आली. मदरबोर्डावरची ही छोटी नळकांडी फुगत, डोक्यावर फुटत आणि संगणक वाटेल तेव्हा बंद पडे. नव्या पिढीचे तंत्रज्ञ बोर्ड बदला म्हणत. आमच्या दुकानात अण्णा होते. साठी ओलांडलेल्या त्या माणसाने चष्मा चढवला, सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि रेडिओच्या काळातल्या सवयीने जुने कपॅसिटर काढून त्याच क्षमतेचे नवे बसवले. गेलेला बोर्ड काही रुपयांत उठून बसला. मर्फीच्या सेटवर शिकलेली विद्या पेंटियम-४च्या कामी आली.

या धंद्याने मला भूगोलही शिकवला. १९९३ च्या जुलैत जपानमधल्या निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर आवरण चढवायला लागणारं रेझिन तिथे तयार होत असे. रॅम दुप्पट महाग झाली. २१ सप्टेंबर १९९९ रोजी तैवानला भूकंप झाला, पुन्हा रॅम चढली. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि भाव कितीतरी महिने उतरले नाहीत. कूटचलनाच्या हव्यासाने ग्राफिक्स कार्डं बाजारातून गायब झाली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी शोषून घेतली, भाव भडकले आणि मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुटे भाग विकत घेणाऱ्याला जगाचा हा धक्का त्याच दिवशी बसतो. मोठी कंपनी आगाऊ करार करून ठेवते, म्हणून तिच्या गिऱ्हाइकाला तो उशिरा आणि मुरलेला पोचतो. त्यामुळे जोडलेला संगणक नेहमी स्वस्तच असतो, हे आता कुणी गृहीत धरू नये. आयात जकात गेली, कंपन्यांची स्पर्धा वाढली, २०१७ मध्ये जीएसटीने पक्क्या बिलाखेरीज इलाज ठेवला नाही. भावातला जुना फरक २०१० नंतर झपाट्याने आटत गेला.

त्याहून मोठा बदल यंत्रातच झाला. लोक डेस्कटॉप सोडून लॅपटॉपकडे गेले आणि लॅपटॉप पातळ होत होत बंद होत गेला. २०१२ मध्ये आलेल्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली होती. मग इतरांनीही तीच वाट धरली. अशा यंत्रात रॅम वाढवायची तर पूर्ण यंत्रच नवं घ्यायचं. भाड्याच्या १४०१ यंत्राच्या आत पाहायची मुभा नव्हती, तशी आज स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रातही राहिलेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, ही त्या बंद दारावर पडलेली सरकारी थाप. जोडलेला संगणक आज मुख्यतः खेळ खेळणाऱ्यांचा, व्हिडिओ संपादन करणाऱ्यांचा आणि त्रिमितीय चित्रं करणाऱ्यांचा राहिला आहे. १९९८ मध्ये अभियांत्रिकीची मुलं सेलेरॉन ३००ए घेऊन त्याची बस ६६ वरून १०० वर नेत आणि ४५० मेगाहर्ट्झवर चालवून दाखवत. तशीच डोळे चमकणारी मुलं आजही दुकानात येतात. त्यांच्या पेटीला काच असते, आत रंगीत दिवे असतात. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट लावताना मात्र त्यांचाही हात थरथरतो.

मग आज कुणी विचारलं, घेऊ की जोडू, तर माझा निवाडा सरळ आहे. घरात अभ्यास, बँक, पत्रव्यवहार एवढंच काम असेल आणि जवळ खात्रीचा जोडणारा नसेल, तर कंपनीचा घ्या. त्यात कमीपणा काही नाही. रोजच्या कामाला ताकद लागत असेल आणि यंत्र आठ-दहा वर्षं भाग बदलत वापरायचं असेल, तर जोडून घ्या आणि पॉवर सप्लायवर पैसे वाचवू नका. दोन्ही बाबतींत दुकानदाराला एकच गोष्ट आधी विचारा: रॅम आणि डिस्क मला पुढे बदलता येईल का? उत्तर नाही असेल तर पाच-दहा टक्के जास्त देऊन दुसरं यंत्र पाहा.

आणि एक विनंती आयटीआय, तंत्रनिकेतनं आणि माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांना. तुमच्या कोठीघरात बाद झालेले संगणक पडून आहेत. ते भंगारात घालण्याआधी मुलांच्या हाती एक स्क्रू ड्रायव्हर द्या. वायर काढून, वीज पूर्ण बंद करून, पेटी उघडू द्या. रॅम काढू द्या, परत बसवू द्या, तो एक बीप ऐकू द्या. पॉवर सप्लायची पेटी तेवढी बंदच राहू द्या, कारण तिच्यात वीज बंद केल्यावरही धोका उरतो. पेटीतलं बाकी बहुतेक सगळं काढण्या-बसवण्यासाठीच केलेलं आहे. ज्या मुलाने एक संगणक जोडला, त्याला आयुष्यभर कुणी आंधळेपणाने काही विकू शकणार नाही.